जीसीसीचं नवं व्हर्जन आलं की डॉक्युमेंटेशन का बदलावं लागतं?

सी भाषेतला एखादा प्रोग्रॅम जुन्या पुस्तकातून किंवा व्हिडिओतून जसाच्या तसा टाइप केला, तरी एरर आली, असं बऱ्याच जणांचं होतं. तुमचं टायपिंग बरोबर असतं. पुस्तक छापलं तेव्हा तेही बरोबर होतं. मधल्या काळात कंपायलर बदललेला असतो आणि सोबतची माहिती तिथेच राहिलेली असते. हे नेमकं कसं होतं, ते आज समजून घेऊ.

कंपायलर आणि डॉक्युमेंटेशन म्हणजे काय?

आपण लिहिलेला कोड मशीनला समजेल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. जीसीसी हा ओपन सोर्स कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा रिलीज केला. कोणता ऑप्शन काय करतो, कोणता नियम आपोआप लागू असतो, जुना कोड का अडतो, हे सांगणारी लिखित माहिती म्हणजे डॉक्युमेंटेशन.

मराठीतलं उदाहरण

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसचे छोटे व्हिडिओ आहेत आणि ते मराठीतही ऐकता येतात. या मालिकेतल्या पहिल्या सी प्रोग्रॅमच्या व्हिडिओत सुरुवातीलाच सांगितलं जातं की रेकॉर्डिंगसाठी उबुंटू ११.१० आणि जीसीसी ४.६.१ वापरलं आहे. हे एक वाक्य फार कामाचं आहे. जीसीसी ४.६.१ हे २०११ चं व्हर्जन, त्यामुळे आपल्या स्क्रीनवर वेगळं काही दिसलं तर शंका कुठे घ्यायची ते लगेच कळतं.

तेव्हापासून काय बदललं?

• जीसीसी ४.८ (२०१३): एररसोबत चुकलेली ओळ आणि त्याखाली खुणेचा बाण दिसू लागला. म्हणून जुन्या व्हिडिओतली एरर आणि तुमची एरर सारखी दिसत नाही.
• जीसीसी ५ (२०१५): सी भाषेचा डिफॉल्ट नियमसंच १९८९ चा होता, तो २०११ चा झाला. व्हर्जनचा मुख्य आकडाही इथून दरवर्षी वाढू लागला.
• जीसीसी १४ (२०२४): हेडर फाइल न जोडता फंक्शन वापरणं किंवा ‘मेन’च्या आधी ‘इंट’ न लिहिणं यावर आधी फार तर वॉर्निंग यायची. आता थेट एरर येते आणि प्रोग्रॅम तयारच होत नाही.
• जीसीसी १५ (२०२५): डिफॉल्ट नियमसंच सी २३ झाला. ‘बूल’, ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे भाषेचे राखीव शब्द बनले, त्यामुळे हीच नावं स्वतः तयार करणारा जुना कोड अडतो.

जीसीसीमध्ये माहिती अपडेट कशी होते?

नवा ऑप्शन आणणाऱ्याने कोडसोबत मॅन्युअलमधला मजकूरही द्यावा, अशी तिथे अपेक्षा असते. मॅन्युअल टेक्सइन्फो फॉरमॅटमध्ये लिहिलं जातं. एकाच मूळ फाइलमधून वेबपेज आणि पीडीएफ दोन्ही तयार होतात. प्रत्येक मोठ्या व्हर्जनसोबत दोन पानं येतात. एकावर नवीन काय आलं त्याची यादी असते. दुसऱ्यावर जुना कोड का अडेल आणि तो कसा दुरुस्त करायचा, हे उदाहरणांसह दिलेलं असतं. जुन्या व्हर्जनची मॅन्युअलंही साइटवर वेगळी ठेवलेली असतात. मॅन्युअल वाचताना ते आपल्याच व्हर्जनचं आहे ना, हे आधी बघा.

फोनवर शिकत असाल तर

समजा, भोर तालुक्यातल्या हिर्डोशीत कुणी फोनवर टर्मक्स ॲपमध्ये सी शिकतंय. पुण्यातल्या क्लासमध्ये अडलं तर सर येऊन एक ओळ बदलून देतात. इथे फोनवरची माहिती हीच शिक्षक, आणि ती जुनी असेल तर ‘आपल्याला जमत नाही’ असं वाटून शिकणं सुटू शकतं.

त्यात एक गंमत अशी की टर्मक्समध्ये ‘जीसीसी’ अशी कमांड दिली तरी प्रत्यक्षात क्लँग हा दुसरा कंपायलर चालतो. क्लँगनेही २०२३ च्या १६ व्या व्हर्जनपासून हेडर न जोडलेलं फंक्शन आणि न लिहिलेला ‘इंट’ यांना एरर ठरवलं आहे.

अशा वेळी हे करा:

१. कंपायलरच्या नावानंतर स्पेस, दोन डॅश आणि लगेच इंग्रजीत ‘व्हर्जन’ टाइप करा. नाव आणि आकडा दोन्ही कळतील.
२. पुस्तक किंवा व्हिडिओ कोणत्या व्हर्जनवर आहे ते बघा.
३. एरर आली तर सगळ्यात वरची आधी वाचा. बहुतेक वेळा वरची ‘इन्क्लुड’ ओळ किंवा ‘इंट’ राहिलेला असतो.
४. जुना नियमसंच मागणारा ऑप्शनही असतो, पण तो तात्पुरता वापरा. नव्याने शिकताना कोडच दुरुस्त केलेला बरा.

मराठी माहिती अपडेट करताना

इंग्रजी मॅन्युअल बदललं म्हणून मराठी नोट्स आपोआप बदलत नाहीत. त्या कुणीतरी हाताने बदलाव्या लागतात. तुमच्याकडे अशा नोट्स असतील तर आधी प्रत्येक उदाहरण नव्या कंपायलरवर चालवून बघा. जे अडेल तेवढंच बदला आणि का बदललं ते एका ओळीत लिहा. एररचा मजकूर मात्र इंग्रजीतच ठेवा, कारण शिकणारा तोच शोधणार असतो, आणि त्याखाली मराठीत अर्थ द्या. सगळ्यात वर व्हर्जन आणि तारीख टाका. चार वर्षांनी हीच माहिती कुणाच्या हाती पडली, तर ती जुनी झाली आहे हे त्याला त्या एका ओळीवरून कळेल.