दवाखान्यातला आकडा, घरातला आकडा : रक्तदाबाच्या दोन नोंदींचा इतिहास

#थ्रेड

१/ एकाच माणसाचा रक्तदाब डॉक्टरांपुढे एक आणि घरी दुसराच, हा अनुभव अनेकांना येतो. यांतील कोणता आकडा प्रमाण मानावा? या प्रश्नाचा इतिहास दीर्घ आहे, आणि त्याच्या उत्तरावर कित्येकांचे आयुष्यभराचे औषध अवलंबून असते.

२/ १८९६ साली इटलीतील तुरीन येथे शिपिओने रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा आणि पाऱ्याची नळी असे उपकरण मांडले. रुग्णाच्या मनःस्थितीनुसार पारा चढतो, हे त्यांच्याही ध्यानात आले होते. १९०५ मध्ये रशियन शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने धमनीतील ध्वनी ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे टिपण्याची रीत दिली. ही सोपी रीत जगभर रुजली आणि मापन डॉक्टरांच्या हाती राहिले.

३/ १९४० मध्ये अमेरिकेतील डेव्हिड आयमन व आर्ची गोल्डशाइन यांनी रुग्णांनाच घरी रक्तदाब मोजावयास लावले. घरचे आकडे दवाखान्यातील आकड्यांपेक्षा सातत्याने कमी भरले.

४/ मग शरीराची हानी कोणत्या आकड्याशी जुळते? १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मॉरिस सोकोलोव्ह व सहकाऱ्यांनी अंगावर बाळगण्याचे यंत्र वापरले. रुग्ण दिवसभर आपल्या व्यवहारात असताना स्वतः पट्टा फुगवी आणि नोंद टेपवर उमटे. उच्च रक्तदाबाने अवयवांना झालेली इजा या दैनंदिन नोंदींशी अधिक जुळली.

५/ १९८३ मध्ये मिलानच्या जुझेप्पे मांचिया यांच्या गटाने धमनीत बारीक नळी ठेवून अखंड नोंद घेतली. डॉक्टर रक्तदाब मोजावयास जवळ येताच वरचा आकडा सरासरी सुमारे २७ मिलिमीटरने चढे आणि काही मिनिटांत उतरू लागे. १९८७ मध्ये याच गटास आढळले की परिचारिकेने मोजल्यास ही वाढ जवळपास निम्मीच होते.

६/ १९८८ मध्ये न्यूयॉर्कचे टॉमस पिकरिंग यांनी सीमारेषेवरील, औषध न घेणारे २९२ रुग्ण तपासले. त्यांपैकी २१ टक्क्यांचा रक्तदाब दिवसभराच्या व्यवहारात सामान्य होता! या स्थितीस ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ म्हणतात. दवाखान्यातील आकड्यावरच भिस्त ठेवली असती, तर हे सारे रुग्ण ठरले असते.

७/ याची उलट बाजू अधिक घातक आहे. काहींचा रक्तदाब दवाखान्यात सामान्य, पण एरवी चढलेला असतो. २००२ मध्ये पिकरिंग यांनी यास ‘मास्क्ड’, म्हणजे झाकलेला उच्च रक्तदाब, असे नाव दिले. हे लोक तपासणीतून निर्धास्त परततात आणि हानी मात्र चालूच राहते.

८/ २०११ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने निर्णय बदलला : दवाखान्यात १४०/९० वा अधिक आढळल्यास निदान पक्के करण्यापूर्वी २४ तासांची नोंद घ्यावी, ते न जमल्यास घरी मोजावे. तेथे सीमा १३५/८५ धरली जाते.

९/ बखर वाचताना ती कोणी, कोणासाठी आणि कोठे लिहिली हे आपण प्रथम पाहतो. रक्तदाबाच्या आकड्यालाही हेच प्रश्न विचारावयास वैद्यकास शतकभर लागले. दवाखान्यातील आकडा खोटा नव्हे; तो त्या खोलीतील, त्या क्षणाचा आहे. म्हणून घरचा आकडा कमी दिसला तरी औषध परस्पर बंद करू नये. घरच्या नोंदींची वही डॉक्टरांपुढे ठेवावी. (समाप्त)