टेपरेकॉर्डर ते पॉडकास्ट



माझी नोकरी सॉफ्टवेअरची, पण शाळेत आवडता विषय इतिहास. म्हणून दोन्हींचा मेळ घालून लिहिते आहे. शाळकरी मुलांनी आपल्या गावच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करण्याचा हा छोटासा इतिहास.

१९६६ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, रेबन गॅप या डोंगराळ भागातल्या शाळेतील मुलांनी 'फॉक्सफायर' नावाचं नियतकालिक सुरू केलं. टेपरेकॉर्डर घेऊन मुलं म्हाताऱ्या माणसांकडे जात. ओंडक्यांचं घर कसं बांधायचं, साबण कसा करायचा, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून काढत. १९७२ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि अमाप खपलं. पण वाचकांपर्यंत पोचली ती छापील अक्षरं; आवाज टेपमध्येच राहिले.

आवाज घरोघरी पोचवायचा तर रेडिओ हवा, आणि आपल्याकडे तो सरकारचा. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल दिला. पुढे २००४ मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं 'अण्णा एफएम' सुरू झालं. देशातलं हे पहिलं कॅम्पस कम्युनिटी रेडिओ केंद्र. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आपल्यापैकी पुण्यात शिकलेल्यांनी ऐकली असेल. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली. तरी परवाना हवा, मनोरा हवा, शिवाय स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही.

ही अडचण सोडवली ती एका साध्या यादीने. पॉडकास्टच्या मुळाशी 'आरएसएस फीड' असते, म्हणजे शाळेच्या फळ्यावरच्या सूचनांसारखी नोंदींची यादी. डिसेंबर २००० मध्ये तिच्या नव्या आवृत्तीत नोंदीसोबत ध्वनिफीत जोडायची सोय झाली. नवी नोंद आली की ऐकणाऱ्याचं यंत्र ती आपोआप उतरवून घेतं. 'पॉडकास्टिंग' हा शब्द २००४ मध्ये 'गार्डियन' वृत्तपत्रात प्रथम छापून आला आणि २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. मनोरा गेला, परवाना गेला. एक फोन पुरेसा झाला.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओने शाळकरी मुलांची पहिली पॉडकास्ट स्पर्धा घेतली. दोन विजेते ठरले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या मुली मासिक पाळीबद्दल बोलल्या. आपल्या वर्गात हा विषय कुजबुजीच्या पुढे कधी गेला नाही, हे मैत्रिणींना आठवत असेलच. टेनेसीतल्या एलिझाबेथटनच्या मुलांनी शेजारच्या अर्विन गावाची गोष्ट सांगितली. १९१६ मध्ये तिथे मेरी नावाच्या सर्कशीतल्या हत्तिणीला, तिने माणूस मारला म्हणून, रेल्वेच्या क्रेनला टांगून फाशी दिली होती. शंभर वर्षं गावाला हा डाग चिकटला. आता तिथेच हत्तींचे रंगीत पुतळे उभारून हत्तींच्या अभयारण्यासाठी निधी जमवतात. मुलांनी डाग लपवला नाही आणि गावाची हेटाळणीही केली नाही.

हे सगळं सांगण्याचं कारण आपल्या घरातलं आहे. या स्मरणिकेत आपल्या दहावीच्या बॅचचे फोटो आहेत. पाचवीत आपल्याबरोबर असलेल्या, पण सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या मुली त्यांत नाहीत. कुणाचं लग्न झालं, कुणाला घरची भावंडं सांभाळायला ठेवलं. त्या कुठे आहेत, त्यांना शाळा कशी आठवते, हे आपण कुणी विचारलेलं नाही. आपले काही गुरुजन आज ऐंशीच्या घरात आहेत. कुणाच्या घरी जाऊन कोणत्या मुलीसाठी वडिलांची समजूत घातली, हे त्यांनाच ठाऊक.

म्हणून एक सूचना. मेळाव्याच्या निधीतून शाळेला दोन चांगले माइक द्यावेत. प्रश्न आत्ताच्या आठवी-नववीच्या मुलामुलींनी काढावेत, मुलाखती त्यांनीच घ्याव्यात. ज्यांच्या मुलाखती असतील, त्यांच्या परवानगीनेच त्या प्रसिद्ध कराव्यात. तांत्रिक बाजू सांभाळायला मी आहे. पहिली मुलाखत मात्र फोटोत नसलेल्या एखाद्या मैत्रिणीची असावी. तिचा पत्ता कुणाकडे असेल तर मेळाव्याच्या दिवशी मला जरूर सांगा.