सव्वादोन इंचाचा पट्टा

भरलेलं पिस्तूल कमरेच्या एकाच बाजूला दिवसभर वागवायचं असेल, तर साधा पॅन्टचा पट्टा ते सोसत नाही. तो मधेच दुमडतो, वरची कड बाहेर कलते, होल्स्टरचं तोंड अंगापासून सुटतं आणि माणूस चालता चालता सारखी पॅन्ट वर ओढत राहतो. नाशिकला त्र्यंबक रोडवर पोलीस अकादमी आहे. १९०६ साली पुण्यात भांबुर्ड्याला ही शाळा निघाली आणि १९०९ मध्ये इकडे आली. आमच्या आजोबांनी दुकान टाकलं ते तिच्याच भरवशावर. फौजदार होऊन बाहेर पडणाऱ्या पोरापोरींचे पट्टे शिवण्यात आता आमची तिसरी पिढी चालली आहे. अंगरख्यावर येणाऱ्या त्या आडव्या वादीच्या पट्ट्याला सगळे ‘सॅम ब्राऊन’ म्हणतात. बरीच पोरं तो ब्रँड समजतात, बाटासारखा.

घोडेस्वाराचं पिस्तूल मुळात कमरेचं हत्यार नव्हतं. लांब नळीची, एका बाराची ती जोडी खोगिराच्या पुढच्या अंगाला दोन कातडी घरांत अडकवलेली असे. घोडा पडला किंवा उधळला की पिस्तुलंही त्याच्यासोबत गेली. कमरेला असे ती तलवार, नाहीतर आपल्याकडे शेल्यात खोचलेली कट्यार. १८३६ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कोल्टने रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं, १८५१ मध्ये लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने स्वतःचं काढलं. एकाच हत्यारात पाच-सहा बार आले आणि ते खोगिरावर ठेवण्यात शहाणपण उरलं नाही. ते स्वाराच्या अंगावर आलं. पण किलोभराहून जड लोखंड अंगावर नेमकं ठेवायचं कुठे, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

त्याचं गाजलेलं उत्तर ज्याच्या नावावर आहे, तो सॅम्युअल ब्राऊन १८२४ मध्ये कोलकात्याजवळ बराकपूरला जन्मला, एका लष्करी डॉक्टरचा मुलगा. १८४९ मध्ये उभ्या राहिलेल्या दुसऱ्या पंजाब अनियमित घोडदळात तो अधिकारी होता. पुढे त्या रिसाल्याला त्याचंच नाव मिळालं आणि आज तो पाकिस्तानी लष्करात बारावी कॅव्हलरी म्हणून आहे. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी पिलिभीतजवळच्या सिरपुऱ्याला उठावातल्या सैनिकांची नऊ पौंडी तोफ पुन्हा भरली जात होती. एका स्वाराला सोबत घेऊन ब्राऊन थेट गोलंदाजांवर गेला. गुडघ्यावर एक वार बसला आणि दुसऱ्या वाराने डावा हात खांद्यापासून गेला. याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तोफ आपल्या माणसांची होती, तेव्हा त्याचं कौतुक मी जरा हात राखूनच करतो.

तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्याची तलवार दोन सैल वाद्यांवर लोंबकळत असे. चालताना म्यान डाव्या हाताने धरावं लागे, नाहीतर ते पायांत येई. उपसतानाही डाव्या हाताने म्यान आवरायचं आणि उजव्याने पातं ओढायचं. डावा हातच नसलेल्या घोडेस्वाराने काय करावं? हकीकत सांगतात ती अशी, की ब्राऊनने रुंद कमरपट्टा घेतला आणि डाव्या बाजूला म्यान हलणार नाही असं घर बसवलं. त्याचा भार पेलायला उजव्या खांद्यावरून एक आडवी वादी घेतली. उजव्या कमरेला झाकणाचं होल्स्टर आलं.

आमच्या धंद्यात जाड कातडं शिवायला दोन सुया लागतात, मेण ओढलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना. आरीने भोक पाडायचं, दोन्हीकडून सुया आरपार घालायच्या आणि दोन्ही हातांनी एकदम खेचायचं. असा टाका एका जागी तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. एका हाताच्या माणसाला हे काम शक्यच नाही. म्हणजे कल्पना साहेबाची असली, तरी टाके कुणातरी जिनगराचे असणार. पट्ट्याला त्याचं नाव लागलं नाही.

हिंदुस्थानातल्या इतर अधिकाऱ्यांनी तो पट्टा उचलला. त्यांचे दोन्ही हात शाबूत होते, पण सोय कुणाला नको असते? बोअर युद्धापर्यंत, म्हणजे १८९९ ते १९०२ पर्यंत, तो ब्रिटिश फौजेत सगळीकडे दिसू लागला होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला आलेल्या अमेरिकन अधिकाऱ्यांनीही तो चढवला. रणांगणावर उजव्या कमरेला रिव्हॉल्व्हर वागवणारे काही अधिकारी दोन वाद्या घेत, दोन्ही खांद्यांवरून एकेक. १९१५ चं वेब्ली मार्क सहा रिव्हॉल्व्हर सुमारे १.१ किलोचं होतं. ते दिवसभर वागवणाऱ्याला दुसऱ्या वादीचं महत्त्व सांगावं लागत नसे.

त्याच युद्धात पट्ट्याचा दुसरा गुण उघडा पडला. चकाकणाऱ्या कातड्याची आडवी रेघ लांबून दिसते, आणि ती अंगावर असलेला माणूस अधिकारी असतो, हे जर्मन नेमबाजांना ठाऊक होतं. खंदकातल्या अधिकाऱ्यांनी मग शिपायांसारखे सुती वेबिंगचे पट्टे बांधायला सुरुवात केली. ब्रिटिश पायदळाच्या अंगावर ते वेबिंग १९०८ पासून होतंच. अमेरिकन पोलिसांनी पुढे आडवी वादी काढून टाकली, कारण झटापटीत ती समोरच्याच्या हातात सापडते. नाव मात्र त्यांनी ठेवलं. तिकडे नुसत्या रुंद कमरपट्ट्यालाही सॅम ब्राऊन म्हणतात. आत पॅन्टच्या घरांतून एक पट्टा, त्यावर बाहेरचा रुंद पट्टा आणि दोघांना बांधून ठेवणारे छोटे बंद, अशी ती रचना. माझ्या मते पिस्तुलासाठी ब्राऊनच्या पट्ट्यापेक्षाही ती सरस आहे.

कारण खांद्यावरची वादी आली तलवारीसाठी. तलवार गेली तेव्हा तिचं निम्मं काम संपलं. आपल्याकडे ती टिकली ती हुद्द्याची खूण म्हणून. फौजदार आणि त्याच्या वरच्यांना ती, हवालदाराला साधा पट्टा. मला यात वाईट वाटतं ते एवढंच, की गिऱ्हाइकाचं सगळं लक्ष त्या वादीच्या चकाकीवर असतं आणि भार पेलणारा कमरेचा पट्टा तो धड हातातही घेऊन बघत नाही.

पट्ट्याचं खरं दैव ठरतं कातडं निवडताना. १८५७ नंतर फौजेचं खोगीर, लगाम, पट्टे इथंच व्हावेत म्हणून सरकारने कानपूरला हार्नेस आणि सॅडलरीचा कारखाना उभा केला, आणि पाठोपाठ कूपर अ‍ॅलनसारख्या खासगी कंपन्या तिथं आल्या. त्या मुलखात बाभूळ मुबलक. बाभळीच्या सालीत मुरवलेलं कातडं ताठ राहतं, ताणलं तर फार वाढत नाही आणि त्याची कड घासून काचेसारखी करता येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासकडे क्रोमची कमावणी आली. ती झटपट होते आणि कातडं मऊ निघतं, बुटाच्या वरच्या भागाला छान. पिस्तुलाच्या पट्ट्याला मात्र तो मऊपणाच नडतो. आमच्याकडे आजही साल-हिरड्यात कमावलेलं म्हशीचं कातडंच लागतं. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलांची कत्तल बंद झाली तेव्हा पट्टेवाल्यांचं त्यामुळेच फारसं अडलं नाही.

पण म्हशीचंही सगळं कातडं सारखं नसतं. पाठीचा आणि पुठ्ठ्याचा भाग घट्ट, पोटाचा भाग पोकळ. पोटाकडून कापलेली पट्टी दुकानात तितकीच सुंदर दिसते आणि महिनाभरात होल्स्टरखाली वाकते. माझे वडील गिऱ्हाइकाला पट्टा आडवा धरून पिळायला सांगत. लांबीत त्याने सहज वळावं, कमरेला बसायचंय त्याला. रुंदीत मात्र त्याने दाद देऊ नये. मग कड बघायची. दोन थर असतील तर ते नुसत्या सरसाने चिकटवलेले आहेत की काठाने शिवलेले आहेत, ते तिथं कळतं. बक्कल रिव्हेटवर असेल तर मी तरी घेणार नाही, रिव्हेटभोवतीचं भोक वाढत जातं. आणि पितळ की पितळेचा मुलामा, हे ब्रासोचं फडकं चार वेळा फिरलं की कळतंच.

परेडच्या पट्ट्याची रुंदी सव्वादोन इंच, जाडी चार-साडेचार मिलिमीटर. साध्या पॅन्टच्या घरांतून जाणारा पट्टा दीड इंची. साध्या वेशातले अधिकारी तो मागतात तेव्हा मी दोन थर एकमेकांवर शिवून देतो, कारण अरुंद पट्टीने रुंदीची उणीव जाडीने भरून काढावी लागते. इशापूरला बनणारं, तेरा गोळ्यांचं नऊ एमएम पिस्तूल भरलं की किलोच्या आसपास जातं.

नायलॉनच्या पट्ट्यांवर नाक मुरडणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. २०१५ च्या सिंहस्थात बंदोबस्ताचे पट्टे भिजून दुकानात आले, हिरवी बुरशी धरलेले, भोकं लांबट झालेले. ओलं कातडं भाराखाली ताणलं गेलं की वाळल्यावर पुन्हा मूळ मापावर येत नाही. आत ताठ पट्टी घातलेला चांगला नायलॉन अशा दिवसांत जास्त इमानदार. पावसाळी नेमणुकीवर, इगतपुरीच्या बाजूला जाणाऱ्यांना मी तोच घ्यायला सांगतो, आणि कातड्याचा परेडपुरता कपाटात ठेवायला.

बाकी, होल्स्टर न आणता पट्टा मागणाऱ्याला मी परत पाठवतो. दीड इंची पट्टा पावणेदोन इंची घरात घातला तर कातडं कितीही उत्तम असो, पिस्तूल पुढेमागे डुलणारच. आधी होल्स्टर दाखवा, त्याचं घर मोजतो, मग पट्टा कापायला घेतो.