उघड्या दाराची शाळा



गेल्या जूनमधली आमच्या गटाची बैठक हप्ते गोळा करून संपली नाही. गटातल्या एका ताईंच्या मुलीला आठवीसाठी मिशनच्या शाळेत, वसतिगृहात जागा मिळाली होती. शाळा चांगली, तिथल्या बाई मुलींना जीव लावणाऱ्या. पण घरचे म्हणत होते, "त्यांची प्रार्थना वेगळी, आपली वेगळी. पोरगी आपली राहील का?" आम्ही कुणी हसलो नाही. ही भीती खरी आहे आणि फार जुनीही आहे. तिचीच गोष्ट आज सांगतो.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत पंडिता रमाबाईंनी 'शारदा सदन' ही शाळा उघडली. रमाबाई तेव्हा तिशीच्या, स्वतः विधवा, पदरात मनोरमा ही लहान लेक. त्यांना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. म्हणजे त्यांची पहिली शाळा आईपाशीच भरली. आईवडील दुष्काळात गेले. पुढे इंग्लंडमध्ये १८८३ साली रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग अमेरिकेत व्याख्यानं दिली, हिंदू स्त्रियांच्या हालांवर पुस्तक लिहिलं आणि शाळेसाठी पैसा उभा केला. लहान मुलांना वस्तू हाताळू देऊन शिकवायची बालवाडीची पद्धतही त्या तिथेच शिकल्या.

शाळा काढणारी बाई ख्रिस्ती, पण शाळेत धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. मुलींनी आपलं सोवळं, आपली पूजा, आपले उपास पाळावेत. स्वयंपाकही त्यांच्या रीतीनेच होई.

या शाळेत पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती कोकणातली गोदूबाई जोशी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत, अगदी लहानपणी तिचं कपाळ पांढरं झालं होतं. वर्षानुवर्षं सासरी राबणं एवढंच माहीत. तिच्या भावाने, नरहरपंतांनी, तिला शाळेत घातलं तेव्हा ती विशी ओलांडलेली होती. त्या वयात पाटी हातात घ्यायची म्हणजे काय, ते आपल्या साक्षरता वर्गात बसलेल्या मावशींना विचारा. विधवेचं तोंड सकाळी पाहू नये असं म्हणणाऱ्या समाजात, अशा बाईला सकाळी उठून अभ्यासाला बसवणारी एक शिक्षिका होती. त्यातून माया जडणारच.

१८९० साली शाळा पुण्याला गेली आणि तिथे ठिणगी पडली. रमाबाई रोज आपली प्रार्थना करत, पण खोलीचं दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून जाऊन बसू लागल्या. या, असं बाईंनी म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. शहरात ओरड झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. १८९३ साली पंचवीसएक मुलींना घरच्यांनी शाळेतून काढून नेलं.

पालकांचं सगळंच चुकलं असं आम्हाला म्हणवत नाही. शाळेत धर्म येणार नाही, या शब्दावर त्यांनी मुली सोपवल्या होत्या. पुढे तिथल्या बऱ्याच मुली ख्रिस्ती झाल्या, हेही खरं. पण घरी नेलेल्या मुलींची पाटी सुटली असेल, तर त्याची झळ कुणाला बसली? भांडण मोठ्यांचं आणि नुकसान मुलींचं.

गोदूबाईंचं काय झालं? त्याच वर्षी, ११ मार्चला, म्हणजे शाळेच्या वाढदिवशीच, धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. गोदूबाई आता आनंदीबाई झाल्या, लोक त्यांना बाया कर्वे म्हणू लागले. त्यांनी धर्म बदलला नाही. पण विधवेनेही शिकावं, आपल्या पायावर उभं राहावं, ही शारदा सदनातली शिकवण त्यांनी सोडली नाही. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. तिथे धर्माच्या भीतीने कुणी मुलगी अडवू नये म्हणून रीतिरिवाज हिंदूच ठेवले. त्या आश्रमासाठी बायाबाई वर्गणी मागत फिरल्या. त्यांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमात शिकली, तिथेच राबली आणि आश्रमासाठी निधी गोळा करायला थेट अमेरिकेला जाऊन आली.

इकडे रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो उपाशी मुली-बायका दौंडजवळच्या केडगावला आणल्या. तिथलं मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होतं. तिथे शेती, दूध, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवत. आपले बचत गट आज जे करतात, ते त्या सव्वाशे वर्षांपूर्वी करत होत्या.

ही गोष्ट आम्ही त्या बैठकीत सांगितली. मग ताई स्वतः शाळेत गेल्या आणि बाईंना समोरासमोर विचारलं, "माझ्या मुलीला प्रार्थनेची सक्ती आहे का?" बाई म्हणाल्या, "नाही. आणि तुम्हाला कधी शंका आली, तर न कळवता या."

ताई दिवाळीपर्यंत तीनदा न कळवता जाऊन आल्या. तिसऱ्या खेपेला बाईंनी त्यांना चहा पाजला आणि मुलीचं गणित कच्चं आहे म्हणून चांगलं सुनावलंही. ताई हसत परत आल्या. मुलगी तिथेच शिकते आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या मुलीच्या शाळेत तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात? पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढं जरूर विचारा.