दप्तर आणि मेळा : पापनाशम परिसरातील औपचारिक व अनौपचारिक संघटन

कामाच्या ठिकाणी दोन संघटना एकाच वेळी नांदत असतात, ही जाणीव व्यवस्थापनशास्त्राला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले, त्यांपैकी अखेरच्या प्रयोगात चौदा कामगारांच्या गटाने दिवसाचे काम किती करायचे याचा आपला स्वतंत्र दंडक ठरवून घेतल्याचे आढळले. हा दंडक कोठेही लिहिलेला नव्हता. तरीही तो मोडणाऱ्याला सोबत्यांचा रोष सोसावा लागे. पुढे चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ मध्ये असे प्रतिपादन केले की, औपचारिक संघटन अनौपचारिक संबंधांतूनच उगवते आणि त्यांच्याच आधारावर चालते.

हा भेद साहित्याच्या इतिहासालाही लागू पडतो काय, असा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. नाटक आणि कीर्तन ही वाङ्मयरूपे अनेकांच्या संघटित श्रमातून सिद्ध होतात. त्या अर्थाने रंगस्थळ हेही कामाचे ठिकाणच होय. या प्रश्नाचा विचार करण्यास तंजावर–कुंभकोणम मार्गावरील पापनाशम तालुका आणि त्याच्या शेजारी असलेली तंजावरची मराठी राजधानी यांच्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच मिळेल.

प्रथम औपचारिक बाजू पाहू. तंजावरचे भोसले राज्य १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांपासून सुरू झाले. या दरबाराचे जमाखर्च, हुकूम आणि नेमणुका मोडी लिपीत लिहिल्या जात. त्या कागदांचे गठ्ठे आजही अभ्यासकांपुढे आहेत. शहाजीराजांच्या (१६८४–१७१२) नावावर मराठी आणि तेलुगू नाटके आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) कारकिर्दीत या संघटनाने अत्यंत रेखीव रूप धारण केले. ग्रंथसंग्रह वाढला, देवनागरी खिळ्यांचा छापखाना निघाला आणि १८०६ मध्ये इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोधमुक्तावली’ छापला गेला. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेले भोसले वंशाचे मराठी चरित्र हे याच दप्तरी वृत्तीचे शिलारूप होय. पद, वेतन, नोंद आणि उतरंड ही या व्यवस्थेची चार अंगे होती. तिच्यात व्यक्ती बदलली तरी पद राहते, हे तिचे बळ होते.

मात्र ज्या पदापासून इतर सर्व पदे निघतात, तेच रिक्त झाले तर काय होते? १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्य संपल्याचे ठरवले. राजवाड्यातील मालमत्तेवरही जप्ती आली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दाद मागितली. परंतु ही राज्यसत्तेची कृती असून न्यायालयाच्या कक्षेबाहेरची आहे, असा निर्णय १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दिला. ज्या संघटनाचा सारा आधार कागद होता, त्याचा शेवटही कागदानेच केला.

आता मेलत्तूरकडे वळू. पापनाशम तालुक्यातील हे गाव नायक राजा अच्युतप्पाने ब्राह्मण कुटुंबांना दान दिले, असे परंपरा सांगते. त्यामुळे येथेही आरंभी राजाज्ञा आहेच. मात्र दानातून जमीन मिळाली, नाटकातील भूमिका मिळाल्या नाहीत. अठराव्या–एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळात येथील वेंकटराम शास्त्री यांनी ‘प्रह्लादचरित्रमु’, ‘उषापरिणयमु’ यांसारखी तेलुगू नाटके रचली. नृसिंह जयंतीला वरदराज पेरुमाळच्या मंदिरासमोर ती होतात. स्त्रीभूमिका पुरुष करतात. नृसिंहाचा मुखवटा मंदिरात पूजेत असतो आणि तो धारण करणारा नट उपवास करतो. मराठी राज्यातील तमिळ गावात तेलुगू नाटक जगले, ते मेळ्यातील घराण्यांच्या आपसांतील बांधिलकीवर. आजही यातील अनेक कलावंत परगावी नोकऱ्या करतात आणि उत्सवासाठी गावी परततात. कचेरीतील त्यांची पायरी आणि मेळ्यातील त्यांचा मान यांचा परस्परांशी काही संबंध नसतो.

याच तालुक्यातील सूलमंगलम या गावाचे नाव वैद्यनाथ भागवतर (१८६६–१९४३) यांच्यामुळे हरिकथेच्या इतिहासात पोचले. त्यांच्या आधीच्या पिढीतील तंजावूर कृष्ण भागवतर (मृत्यू १९०३) यांच्यावर तंजावरास आलेल्या रामचंद्रबुवा मोरगावकरांच्या कीर्तनांचा ठसा उमटला होता. साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही मराठी रूपे अशा संपर्कातून तमिळ कथाकालक्षेपात रुळली. येथे कालक्रम लक्षणीय आहे. मराठी कीर्तनाचा हा दृढ संस्कार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे मराठी राज्य संपल्यानंतर घडला. राण्यांचा काही आश्रय तेव्हाही उरला होता. परंतु बुवांच्या मागे उभे राहून सूर धरणारा साथीदार जे शिकला, त्यासाठी कोणाची नेमणूक लागली नाही. श्रवण, साथ आणि अनुकरण हीच ती शाळा.

यावरून अनौपचारिक म्हणजे नियमरहित, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मेळ्याचे नियम दप्तराहूनही कडक असतात. फरक इतकाच की ते पदात नसून माणसांत वसतात. म्हणूनच ते मोडणाऱ्याला अपील करण्याची सोय नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी सी. सरस्वतीबाई हरिकथेसाठी उभ्या राहिल्या, तेव्हा पुरुष भागवतरांनी त्यांना विरोध केला. त्यांना मनाई करणारा लेखी हुकूम कोठे नव्हता आणि नेमका म्हणूनच तो रद्दही करून घेता येत नव्हता. श्रोत्यांच्या बळावरच त्यांना आपली वाट काढावी लागली. हॉथॉर्नच्या चौदा कामगारांचा दंडक आणि भागवतरांची ही अलिखित मनाई एकाच जातीची आहेत.

अनौपचारिक संघटनाचे दुसरे दौर्बल्य मेलत्तूरनेच दाखवले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील प्रयोग क्षीण झाले. ज्यांच्या स्मरणात सारे साठवलेले असते, ती माणसे गेली की संहिता उरते आणि प्रयोग हरपतो. गावकऱ्यांनी, आणि ई. कृष्ण अय्यर यांसारख्या बाहेरच्या जाणकारांनी, परंपरेला पुन्हा उभारी दिली. मेळ्याने ‘संगम’ हे संस्थारूप घेतले आणि कालांतराने गावात एकाहून अधिक संगम झाले. मेळ्याला दप्तर लाभले, त्यासोबत दप्तराचे वादही लाभले. बर्नार्ड यांनी सांगितलेला क्रम येथे प्रत्यक्ष दिसतो.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकासाठी यातील बोध पद्धतीविषयी आहे. आपण प्रभाव शोधतो तो बहुधा हस्तलिखितांत, अनुवादांत आणि आश्रयाच्या नोंदींत, कारण औपचारिक संघटन मागे कागद ठेवते. त्यामुळे मराठी–तमिळ संबंधांचा इतिहास १८५५ पाशी मंदावतो, असा भास होतो. वस्तुतः तेथे कागद मंदावतो. काम चालूच राहते. दप्तर आपल्याला कोणाला काय दिले हे सांगते; कोण कोणाच्या मागे उभे राहून गायला, हे मेळाच सांगू शकतो. आणि कोणाला गाऊ दिले नाही, याबद्दल दोघेही मौन पाळतात. ते मौन वाचणे हे आपले काम आहे.