फुगावाहू अवरक्त दूरबीण

ताऱ्यांच्या जन्मस्थानांकडून येणारा दूर-अवरक्त प्रकाश टिपण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेली, १०० सेंमी. व्यासाच्या आरशाची दूरबीण. हैदराबादच्या बलून केंद्रातून हायड्रोजन भरलेल्या फुग्याने ती सुमारे ३१ किमी. उंचीवर नेतात.

नवजात तारे धुळीच्या ढगांत दडलेले असतात. त्यांनी तापवलेली धूळ अवरक्त प्रकाश फेकते, पण हवेतील बाष्प तो जमिनीपर्यंत येऊ देत नाही; म्हणून दूरबीण बाष्पाच्या वर न्यावी लागते. अंटार्क्टिकाच्या डोम सी पठारावर इटलीच्या पुढाकाराने ८० सेंमी.ची अवरक्त दूरबीण उभारण्यामागेही कोरड्या हवेचाच शोध होता. तिथे हिवाळ्यात पारा उणे ८० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. इतकीच थंडी या फुग्यांच्या टापूतील परभणीच्या आकाशातही असते, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. उष्ण कटिबंधात क्षोभसीमा (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराची वरची हद्द) उंच, १६-१७ किमी.वर असते आणि तेथील तापमान उणे ८० च्याही खाली जाते. या थरातून वर चढताना साधे पॉलिथिलीन काचेसारखे तडकते. म्हणून अशा थंडीतही लवचीक राहणारा खास पातळ पडदा फुग्यासाठी वापरावा लागतो. आरशाइतकेच श्रेय या पडद्याला द्यायला हवे.

दूरबिणीतील बोलोमीटर हे प्रकाश टिपणारे संवेदक द्रवरूप हीलियमच्या साह्याने निरपेक्ष शून्याच्या जेमतेम ०.३ अंश वर ठेवतात, अन्यथा त्यांच्या स्वतःच्याच उष्णतेत ताऱ्याचा संकेत बुडून जाईल. दुय्यम आरसा सतत डोलवून आकाशाची पार्श्वभूमी वजा करतात. १९९९ पासून जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने वर्णपटमापकही बसवला गेला. आयनीभूत कार्बनची १५८ मायक्रोमीटरची रेषा त्याने मोजता येते. मृग नक्षत्रातील तेजोमेघ, आरसीडब्ल्यू ३६ आणि आरसीडब्ल्यू १०६ हे या दूरबिणीने अभ्यासलेले ताऱ्यांच्या जन्माचे प्रदेश.

निरीक्षण संपले की फुगा तोडून उपकरणांची पेटी हवाई छत्रीने खाली आणतात. तीच दूरबीण दुरुस्त करून पुन्हा उडवायची असल्याने ती शाबूत मिळणे कळीचे ठरते. केंद्राच्या सूचनांनुसार पेटी हैदराबादपासून साधारण २०० ते ३५० किमी.वर उतरू शकते आणि परभणी त्याच टापूत येते. सापडलेल्या पेटीत उच्च विद्युत्दाब असू शकतो. तिला हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे, असे ग्रामस्थांना सांगितले जाते.