थांब रं, परत वाच

वर्तमानपत्रात अधूनमधून वाचनसंस्कृतीची तिरडी निघते. कुणीतरी मोठा लेखक किंवा प्रकाशक गळा काढतो, की मराठी माणूस वाचत नाही, घरात कपाटं नाहीत, पुस्तकं विकत घेत नाहीत. मग वाचणारा म्हणजे कोण, तर खुर्चीत बसलेला, दिव्याखाली, एकटा, तोंड मिटून वाचणारा माणूस. ह्या मापानं मोजलं तर आमच्या वैरागच्या वस्तीत वाचक शून्य. खुर्ची नाही, दिव्याचा भरवसा नाही आणि एकटं बसायला जागा तर कुणाच्याच घरात नाही.

पण मित्रांनो, मी ज्या वाचकांत वाढलो त्यातल्या निम्म्यांना अक्षर येत नव्हतं. माझी आज्जी त्यातलीच.

आषाढी पौर्णिमा झाली की आमच्याकडे वर्षावास सुरू होतो. आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने विहारात रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. महाराष्ट्रात असं वाचन गावोगाव चालतं. एक पुस्तक, एक वाचणारा आणि पुढं सतरंजीवर बसलेली माणसं, बहुतेक बायका. दिवसभर खुरपून आलेल्या. मी सहावीत असताना वाचायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझा आवाज खणखणीत होता आणि मी अडखळत नव्हतो. अडखळत नव्हतो म्हणजे समजत होतं असं नाही. मी आपला गाडी हाणल्यासारखं वाचत सुटायचो. आणि समोरनं आज्जी म्हणायची, "थांब रं, परत वाच."

पहिल्या खंडात रोहिणी नदीचा प्रसंग आहे. सिद्धार्थानं घर का सोडलं, तर म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून, असं आपण शाळेत शिकलो. बाबासाहेब म्हणतात, हे पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसानं त्याआधी म्हातारा पाहिलाच नव्हता काय? त्यांनी दुसरी हकीकत मांडली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून भांडण लागलं, आधी पाणी कुणी घ्यायचं म्हणून मारामारी झाली. संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थानं विरोध केला. म्हणाला, आधी चौकशी करा, चूक कुणाची ते बघा. बहुमत विरुद्ध गेलं. मग त्याच्यापुढं शिक्षा ठेवल्या. एक तर सैन्यात भरती हो, नाही तर फाशी किंवा देशत्याग, नाही तर घरच्यांवर सामाजिक बहिष्कार आणि जमीन जप्त. त्यानं परिव्रज्या घेतली.

हे मी वाचलं आणि आज्जीनं थांबवलं. बहिष्कार हा शब्द तिनं दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "त्येच्याबी घरावर टाकणार हुते व्हय?" पाठीमागची एक बाई म्हणाली, "पाण्यावरनंच सगळं." आणि त्या दिवशी पुढं वाचन झालंच नाही. कुणाच्या सासऱ्याला कुठल्या विहिरीवर मारलं, कुणाचं पाणी कसं वरून ओतायचे, हेच निघत राहिलं. मला राग आला, माझी पानं राहिली म्हणून. आज सूतगिरणीत रात्रपाळीला साच्यावर तुटलेला धागा सांधताना कळतं, की त्या दिवशी खरं वाचन झालं ते त्या बायकांचं. मी नुसता भोंगा होतो.

आता ह्याची मुळं शोधत मागं जाऊ. ती थेट बाबासाहेबांच्या घरात सापडतात.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहून ठेवली होती. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात छापलीच नाही. नंतर बऱ्याच वर्षांनी ती लोकांपुढं आली. तीत ते आपल्या लहानपणच्या वाचनाची गोष्ट सांगतात. वडील रामजी सुभेदार कडक शिस्तीचे. रोज झोपण्याआधी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या थोरल्या भावानं रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्यानं वाचायचा, बहिणी आणि कथा ऐकायला घरी जमलेली माणसं ऐकायची. किती तरी वर्षं हे चाललं. म्हणजे बघा, आपल्या समाजातला सगळ्यात मोठा वाचक जो झाला, त्याची सुरुवात एकट्यानं वाचण्यात नाही, दहा माणसांना वाचून दाखवण्यात झाली.

मग कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्या गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं. चरित्रकार सांगतात, हे १९०७ सालचं, मॅट्रिकच्या सत्कारातलं. बाबासाहेब स्वतः त्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीची परीक्षा म्हणतात. साल काहीही धरा, त्या पुस्तकानं पोराच्या डोक्यात किडा सोडला. त्यानं बापाला विचारलं, ज्या पोथ्यांत बामण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची नालस्ती आहे, त्या आमच्याकडनं का वाचून घेता? बापाला प्रश्न आवडला नाही. पोरं आहात, सांगितलं तेवढं करा, असं म्हणून गप्प केलं. पोरानं काही दिवसांनी परत विचारलं. आता बापानं उत्तर तयार ठेवलं होतं. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात कमीपणा घर करील, तो जावा म्हणून हे वाचायचं. द्रोण बघ, कर्ण बघ, लहान घरातले, केवढे चढले. पोराला ह्यात तथ्य वाटलं पण समाधान झालं नाही. महाभारतातला एकही माणूस मला आवडत नाही, असं त्यानं सांगून टाकलं.

ही आपल्या वाचनाच्या इतिहासातली मोठी घटना आहे, असं माझं मत. आपण चवदार तळ्याची तारीख पाठ करतो, ह्या रात्रीची तारीख कुणाला ठावं नाही. वाचणाऱ्यानंच वाचन थांबवलं आणि पुस्तकाला विचारलं, तू कुणाचं?

हा प्रश्न त्याच्याही आधी एका मुलीनं विचारला होता. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची पोर. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. तिचं म्हणणं सरळ होतं. वेद बामणांचे, आम्हाला ते बघायची बंदी, मग आम्ही धर्मपुस्तकावाचूनचे ठरलो. आमचा धर्म कुठला ते सांगा. तिला अक्षर येऊन फार वर्षं झाली नसतील. वाचायला आलं आणि पहिला वापर हा केला.

बाबासाहेबांच्या एकट्यानं वाचण्याचं कौतुक आपण फार ऐकतो. परळच्या चाळीतली एक खोली, उशाला जातं, पायथ्याला शेळी, बाप पहाटे दोनला उठवणार. पुस्तकापायी लेकींचे दागिने गहाण टाकणारा तो बाप. परदेशातनं पाठवलेली पुस्तकं १९१७ साली सामानाच्या बोटीबरोबर समुद्रात बुडाली ती गोष्ट. पुस्तकं मावावीत म्हणून दादरला बांधलेलं राजगृह. हे सगळं खरं आहे आणि भाषणात सांगितलं की टाळ्या पडतात. पण ह्या माणसानं समाजासाठी काय मागितलं ते बघा.

मे १९२४ मध्ये बार्शीला बहिष्कृतांची परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष. बार्शी म्हणजे आमच्यापासनं वीसेक किलोमीटर. त्याच वर्षी जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. तिच्या उद्देशांत शिक्षणासाठी वसतिगृहं होती आणि त्याच दमात वाचनालयं आणि अभ्यासमंडळंही होती. पुढच्याच वर्षी, ४ जानेवारी १९२५ ला, सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं. मुंबईत नाही, पुण्यात नाही, आपल्या सोलापुरात. जिवाप्पा ऐदाळे यांचं नाव ह्या कामाशी जोडलेलं आहे. तिथल्या पोरांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं. नाव आज ऐकायला जरा विचित्र वाटतं, पण नावावर जाऊ नका. ज्यांच्या बापांना शाळेच्या पायरीवर बसवलं, ती पोरं हायस्कुलात जाताना मासिक काढत होती. मुंबईत सभेनं मोफत वाचनालय काढलं आणि जोडीला महार हॉकी क्लब. जुगार-दारूकडं वळणारी पोरं खेळात आणि वाचनात यावीत म्हणून. पुस्तक आणि हॉकीची काठी एकाच हिशोबात! मला हे फार आवडतं.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा छापली नाही. तो पेपर कुणासाठी होता? ज्यांना वाचता येत होतं ते मूठभर. बाकीच्यांसाठी कुणीतरी वाचायचं, बाकीचे ऐकायचे. आमच्याकडं म्हातारे सांगायचे, 'जनता'चा अंक वस्तीत आला, की तो फाटेपर्यंत हिंडायचा. विकत घेणारा एक, वाचणारा एक, ऐकणारी सगळी वस्ती. मग 'मराठी माणूस वाचत नाही' ह्या हिशोबात हा अंक किती वाचकांचा धरणार?

फलटणच्या बेबी कांबळे दुकानात पुडीला आणलेल्या रद्दीचे कागद वाचायच्या. पुढं त्यांनी आपली जीवनकथा लिहिली ती घरात लपवून ठेवून, वीस वर्षं. बायकांचं वाचन दोन कुलपांतून सुटलंय. बाहेरचं कुलूप आपल्याला दिसतं, त्यावर आपण कविता करतो. आतलं कुलूप आपल्याच हातात होतं.

आता आवडीचं बोलू. आमच्या गिरणीत आम्ही सातआठ जण पुस्तकं फिरवतो. कुठलं पुस्तक खरं वाचलं गेलं ते पानांच्या कडांवरून कळतं, कारण सगळ्यांच्या बोटांना तेल. 'फकिरा' काळं झालंय. अण्णा भाऊंनी ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे पान तर सुटंच झालंय. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा कथासंग्रह, त्याची पाठ निघाली. 'अक्करमाशी' आमच्या जिल्ह्याचं, लिंबाळे हन्नूरचे, म्हणून ते वाचताना पोरं भांडतात. एक म्हणतो असं उघडं कशाला करायचं, दुसरा म्हणतो झाकून काय मिळालं. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा, पण त्यातलं सावकार-कुळकर्णी वाचताना एक मराठ्याचा साथीदार म्हणाला, "हे तर आमच्या बापाचं." तेव्हापासून तोही आमच्यात.

आणि जाड ग्रंथ? ते आम्ही ६ डिसेंबरला दादरला जाऊन आणतो. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. वडापाव खाऊन दिवस काढणारी माणसं पिशवी भरून पुस्तकं घेतात. हे मराठी प्रकाशकांनी एकदा येऊन बघावं. पण घरी आणल्यावर त्याला प्लास्टिकचं कव्हर बसतं आणि ते फोटोशेजारी जातं. मी पाच घरांतली ती पुस्तकं उघडून पाहिली. पहिली वीसतीस पानं मळलेली, पुढची कोरी. माझ्या घरातलंही त्यात धरलंय.

दोष सगळा आपलाच नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' इंग्रजीत १९५७ ला आला, मराठीत १९७० ला. तेरा वर्षं! ज्या माणसांनी नागपुरात दीक्षा घेतली त्यांच्या हातात त्यांच्या भाषेत तो ग्रंथ नव्हता. तोवर गायकांनी गाण्यातून धम्म पोचवला. सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला खंड काढला १४ एप्रिल १९७९ ला, वसंत मून यांच्या मेहनतीनं. तोही इंग्रजी. आणि अलीकडचं ऐका. २०२१ साली 'लोकसत्ता'नं बातमी दिली, की ह्या खंडांच्या नऊ लाख प्रतींसाठी पाच कोटी पंचेचाळीस लाखांचा कागद घेतला, चार वर्षांत छापल्या तेहतीस हजार, कागद गोदामात पडून. त्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. कोरा कागद धूळ खात पडला होता आणि आम्ही झेरॉक्स वाचत होतो.

पण कागदापेक्षा मला दुसरी भीती वाटते. मागच्या पावसाळ्यात एका गावच्या विहारात गेलो होतो. वर्षावास चालू होता. वाचणारा पोरगा नव्हता. मोबाईलवर कुणाच्यातरी गोड आवाजातलं रेकॉर्डिंग लावून मोबाईल स्पीकरला जोडला होता. उदबत्ती, मेणबत्ती, सगळे हात जोडून. जे पुस्तक जुनी गोष्ट मधेच अडवून 'हे पटत नाही' म्हणतं, ते पोथीसारखं चाललेलं. पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "थांब रं, काय म्हणला ते?" स्पीकर काय थांबणार. कार्यकर्ता तिला म्हणाला, "आज्जी, मधी बोलू नका, वंदना चाललीय."

वंदना नव्हती चालली. मी उठून वायर काढली. जरा गडबड झाली, मला दोन शब्द ऐकावे लागले. मग नववीतल्या एका पोरीनं फोटोपुढचं पुस्तक उचललं, त्याचं प्लास्टिक काढलं आणि म्हातारीला विचारलं, "कुठनं वाचू?"

"मगाशी पाण्याचं काय हुतं," म्हातारी म्हणाली, "तितनं."